डोक्याला मार लागल्यानंतरचे घरचे दिवस

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभा होता. जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. तो उठला आणि स्वतःच्या पायांनी चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. थोड्याच वेळात प्रकृती बिघडली, डोक्यात रक्तस्राव झाल्याचं कळलं, शस्त्रक्रियाही झाली. २३ फेब्रुवारीला, वयाच्या ३८व्या वर्षी, तो गेला. पुढे मार्च २००९ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात स्कीइंग शिकताना साध्याशा उतारावर पडली. ती हसत उठली, मदतीला आलेल्यांना तिने परत पाठवलं. तासाभरात डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

अशा बातम्या मनात घर करतात. मोटारसायकल घसरून पडलेल्या मुलाला डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं तरी आईचा डोळा लागत नाही, तो याच भीतीने. भीती निराधार नाही, पण तिचं माप माहीत असायला हवं. इयन स्टिल आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या १० रुग्णालयांत डोक्याला किरकोळ मार लागलेल्या ३,१२१ प्रौढांचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे थोडा वेळ बेशुद्ध झालेले, काही काळ आठवत नसलेले किंवा गोंधळलेले रुग्ण होते, तरी मेंदूला महत्त्वाची इजा सापडली ती सुमारे ८ टक्क्यांत, आणि शस्त्रक्रियेची गरज पडली ती जेमतेम १ टक्क्याला. म्हणजे बहुतेक माणसं घरी जातात, आणि घरी जाणंच योग्य असतं.

मग खरा प्रश्न घराचा उरतो. डोक्याच्या माराची बहुतेक शुश्रूषा घरात होते, आणि सगळ्यात कमी सूचना घराला मिळतात. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी ‘उलटी, फिट किंवा बेशुद्धी आल्यास त्वरित दाखवावे’ अशी एक ओळ, खाली सही. झोपू द्यायचं का, मोबाइल द्यायचा का, कामावर कधी पाठवायचं, दोन महिन्यांनी माणूस चिडका झाला तर ते माराचंच आहे का, याबद्दल त्या कार्डात अक्षर नसतं. गेल्या पंचवीसएक वर्षांत या प्रश्नांवर बरंच संशोधन झालं आहे, आणि काही बाबतींत जुना सल्ला साफ उलटा फिरला आहे. आपल्या घरांपर्यंत ते फारसं पोचलेलं नाही.

आधी हे बघायला हवं, की घरी राहायचंच नाही असे रुग्ण कोणते. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धीचं मोजमाप करणारी एक साधी पद्धत मांडली: डोळे उघडतो का, बोलतो कसा, सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवतो का. तीनपासून पंधरापर्यंत गुण. आजही आपल्याकडच्या केस पेपरवर ‘जीसीएस १५’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. पंधरा म्हणजे पूर्ण जागा आणि भानावर. मार लागून दोन तास झाले तरी पंधरा होत नसतील, दोन किंवा जास्त उलट्या झाल्या असतील, वय ६५ किंवा जास्त असेल, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येत असेल, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालं असेल, तर सीटी स्कॅन हवाच, असं स्टिल यांच्या अभ्यासातून आलेला नियम सांगतो. फिट आली असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर नियम बघत बसायचीही गरज नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांना त्या नियमात धरलेलंच नव्हतं. ब्रिटनची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशा रुग्णाला दुसरं काहीही लक्षण नसलं तरी स्कॅनचा विचार करावा. नुसत्या ॲस्पिरिनचा तेवढा अपवाद. झडप बदललेल्या किंवा स्टेंट टाकलेल्या किती आजोबांच्या घरच्यांना ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत’ हे सांगता येतं? डब्यातल्या गोळ्यांची पाकिटं सोबत नेणं, हे त्या रात्रीचं सगळ्यात उपयोगी काम ठरू शकतं.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे: टेंगूळ वर आलं म्हणजे मार बाहेर निघाला, आत काही नाही. याला आधार नाही. टेंगूळ हे कातडीखालचं रक्त आणि सूज. कवटीच्या आत काय चाललंय याचा त्यावरून निकाल लागत नाही. उलट दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या कपाळावरचं टेंगूळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, पिचपिचीत गाठ आली, तर कवटीला तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरण्याचाही रिवाज आहे. त्याने टाके घालणाऱ्याचं काम वाढतं आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. स्वच्छ कापडाने दाबून धरावं. कवटी खचल्यासारखी लागत असेल तर तेवढी जागा सोडून.

लांबा किंवा रिचर्डसन यांच्यासारखी माणसं आधी ठीक वाटून मग का कोसळतात, याचं उत्तर शरीररचनेत आहे. कानशिलाच्या जागी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे हाड तडकलं तर ती धमनी फाटू शकते. धमनीतलं रक्त जोराने येतं, हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साचत जातं. सुरुवातीच्या हादऱ्यातून माणूस सावरतो, बोलतो, चहा पितो. तेवढ्या वेळात गाठ वाढत असते. मग गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. ही गाठ वेळेत काढली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून तर पहिल्या रात्रीच्या जागरणाला अर्थ आहे. सगळी घसरण काही तासांतली असते, क्वचित दिवसभराची.

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा वाद झोपेचा. ‘झोपू देऊ नका’ हे आपल्या आजीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे सांगतात. आजची भूमिका अशी आहे: डॉक्टरांनी तपासलं असेल, माणूस पूर्ण भानावर असेल, तर झोप वर्ज्य नाही, उलट हवी. दर तासाला गदागदा हलवून उठवल्याने दोघांनाही झोप मिळत नाही आणि सकाळी दिसणारी मरगळ माराची की जागरणाची, हे कळेनासं होतं. पण झोप आणि गुंगी यांतला फरक घरच्यांना ओळखता यायला हवा. रोज अकराला झोपणारा माणूस संध्याकाळी सहालाच पेंगायला लागला, हाक मारल्यावर नीट डोळे उघडत नसला, उत्तर तुटक देत असला, तर ती झोप नव्हे. रात्रीतून एकदोनदा जवळ जाऊन बघावं: श्वास नेहमीसारखा आहे का, हात लावल्यावर कुशीवर वळतो का. डॉक्टरांनी ठरावीक वेळाने उठवायला सांगितलं असेल तर तसंच करावं. उठवलं की नाव विचारून भागत नाही. रात्री काय जेवलास, आज वार कोणता, असं विचारावं. दोन्ही हात समोर धरायला सांगून एक खाली घसरतो का, ते बघावं.

पहिले चोवीस तास एक जाणतं माणूस सोबत असावंच, आणि पुढचा दिवसही एकट्याने काढू नये. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचं इथे फार वाईट होतं. रूममेट सकाळी कामावर जातो आणि मार लागलेला मुलगा दार लावून झोपतो. अशा वेळी कुणा नातेवाइकाकडे जाऊन राहणं किंवा एक रात्र रुग्णालयातच काढणं चांगलं. गावाकडे प्रश्न अंतराचा असतो. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन जिथे आहेत ते ठिकाण दोन-तीन तासांवर असेल तर घरी परतायची घाई करू नये. त्या शहरात कुणाकडे तरी मुक्काम करावा. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, बोलणं अडखळलं, तर मग सकाळची वाट पाहायची नाही. महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा रात्रीही येते. गाडी सापडेपर्यंत माणसाला कुशीवर निजवावं, तोंडात पाणी घालू नये.

औषधांचं थोडक्यात: दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या पहिले दोन दिवस टाळाव्यात, त्या रक्त गोठण्याच्या आड येतात. झोपेची गोळी नको. दारू अजिबात नको. ‘जरा घेतली की शांत झोप लागेल’ असं म्हणणारा मित्र हमखास भेटतो, आणि मग गुंगी दारूची की गाठीची हे कुणालाच कळत नाही.

इथून पुढे सल्ल्याची दिशा बदललेली आहे. दोन दशकांपूर्वी कन्कशन झालेल्याला, म्हणजे स्कॅन स्वच्छ असूनही मेंदूला हादरा बसलेल्याला, अंधाऱ्या खोलीत ठेवायची पद्धत होती. वाचायचं नाही, बोलायचं नाही, टीव्ही नाही, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत पडून राहायचं. तर्क सरळ वाटतो: दुखावलेल्या अवयवाला विश्रांती. पण अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ११ ते २२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती दिली, दुसऱ्याला एक-दोन दिवस आणि मग हळूहळू हालचाल. कडक विश्रांतीवाल्यांनी जास्त त्रास सांगितला आणि तो त्यांच्यात जास्त दिवस रेंगाळला. २०१९ मध्ये जॉन लेडी यांच्या गटाने १०३ किशोरवयीन खेळाडूंना दोन गटांत विभागलं. पहिल्या आठवड्यापासूनच बेताचा व्यायाम करणारे मध्यकानुसार १३ दिवसांत बरे झाले, नुसते स्नायू ताणण्याचे हलके प्रकार करणारे १७ दिवसांत. फरक चारच दिवसांचा, पण दिशा स्पष्ट आहे.

२०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला कन्कशनवर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यावर शिक्कामोर्तब केलं. पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, त्यातही घरातल्या घरात वावरणं, थोडं चालणं चालतं. मग रोज थोडी वाढ. त्यांनी दिलेलं एक माप घरात वापरण्याजोगं आहे. त्रासाला शून्य ते दहा गुण द्यावेत. चालताना, वाचताना तो आधीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला तर हरकत नाही, काम चालू ठेवावं. त्याहून जास्त वाढला किंवा तासभर टिकला, तर त्या दिवशी तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी थोडं कमी करावं. ‘त्रास झाला म्हणजे मेंदूचं नुकसान झालं’ ही धास्ती या एका नियमाने बरीच उतरते, आणि मला वाटतं धास्ती उतरणं हाच बरं होण्याचा मोठा भाग आहे. आपल्याला बरंच नुकसान झालंय अशी ज्याची खात्री झालेली असते, त्याची लक्षणं रेंगाळतात, हे डॉक्टर पुन्हापुन्हा पाहतात.

मोबाइलच्या बाबतीत मात्र जुन्या सल्ल्याला बळ मिळालं. मॅसॅच्युसेट्समध्ये १२ ते २५ वयाच्या १२५ जणांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेले मध्यकानुसार साडेतीन दिवसांत बरे झाले, पडदा पाहू दिलेले आठ दिवसांत. पोरगा पडून आहे, कंटाळेल, म्हणून त्याच्या हातात फोन देणं हा आपल्या घरांतला सगळ्यात सोपा मार्ग. दोन दिवस तो बंद ठेवावा. नंतर थोडा थोडा चालेल.

आपल्या घरांत विश्रांतीचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो मायेने येतो. भेटायला येणारी माणसं. संध्याकाळी हॉलमध्ये आठ-दहा नातेवाईक, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून अपघात ऐकायचा असतो. हादरा बसलेल्या मेंदूला गोंगाट आणि गर्दी झेपत नाही. एका वेळी तीन माणसं बोलली तर काय चाललंय ते कळेनासं होतं. आलेल्यांना बाहेरच्या खोलीत बसवून चहा द्यावा, पेशंटला भेटायला एकेकाने आत जावं, पाच मिनिटांत उठावं. हे सांगायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं, सुनेने सांगितलं तर गैरसमज होतो. पण हीच भरली घरं दुसऱ्या बाजूने वरदानही आहेत. सतत कुणीतरी बघतं आहे, वेळेवर जेवण मिळतं आहे, एकटं वाटत नाही, ही सोय एकट्याने राहणाऱ्याला पैसे मोजूनही मिळत नाही.

बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतात, मुलांना चार आठवडे लागू शकतात. शाळा खेळाच्या आधी. आधी घरी थोडा अभ्यास, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण; परीक्षा आली असेल तर शिक्षकांशी बोलून जादा वेळ मागण्यात लाज नाही. खेळाकडे परतायच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला किमान एक दिवस, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. कबड्डीपटू आणि दहीहंडीच्या थरांवर चढणारे गोविंदा यांच्यासाठी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला तर, विशेषतः किशोरवयात, मेंदूला वेगाने सूज येऊन मृत्यू ओढवल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्‌सवर कसोटी सामन्यात जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ त्याच डावात पुन्हा फलंदाजीला आला होता. डोकेदुखी आणि सुस्ती त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवली, आणि मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. मैदानावर ठीक वाटणं पुरेसं नसतं.

दुचाकीचंही तेच. प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढलेला असतो आणि तो स्वतःला कळत नाही. मान वळवून मागचं वाहन पाहता यायला हवं, चक्कर पूर्ण थांबलेली हवी. फिट आली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाडीला हात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातल्यामुळे. ज्या हेल्मेटने एक मार झेलला ते पुन्हा वापरायचं नसतं, कारण आतला फोम एकदाच दबतो.

काही त्रास रेंगाळतात, आणि त्यांतले काही चटकन बरे करता येण्यासारखे असूनही लोक महिनोन्‌महिने सोसतात. अंथरुणात कूस बदलली किंवा वर फळीकडे पाहिलं की काही सेकंद घर गरगरतं, ही तक्रार डोक्याच्या मारानंतर नेहमीची. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागेवरून सुटल्याने ते होतं. जॉन एप्ली यांनी शोधलेल्या पद्धतीने डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे परत जागी आणतात. कित्येकांना एकाच बैठकीत आराम पडतो. चक्करच्या गोळ्या वर्षभर घेणाऱ्यांनी एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाला हे विचारून बघावं. डोकेदुखीची एक जात मानेच्या स्नायूंतून येते, तिला फिजिओथेरपी लागते. आणखी एक जात गोळ्यांतूनच येते. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधं पॅरासिटामॉल घेत राहिलं तरी डोकेदुखी चिकटते, आणि ती थांबवायला आधी गोळी थांबवावी लागते.

वास जाणं हे घरात सगळ्यात धोक्याचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. मार बसताना नाकातून मेंदूकडे जाणारे नाजूक तंतू तुटतात. जेवण बेचव लागतं, म्हणून माणूस कमी जेवतो. पण खरी भीती स्वयंपाकघराची आहे. गॅस गळती आपल्याला वासानेच कळते. वास गेलेल्या बाईने एकटीने स्वयंपाक करायचा असेल तर गॅस डिटेक्टर बसवावा, रोज रात्री रेग्युलेटर बंद करावा, आणि उरलेलं अन्न वास घेऊन नव्हे तर वेळ बघून टाकावं.

म्हाताऱ्या माणसांचं घड्याळ निराळं चालतं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, मेंदू आणि आवरण यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात आणि बाथरूममध्ये पाय घसरून बसलेल्या साध्या धक्क्यानेही एखादी फाटते. तिथून रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, आजी पाय ओढत चालायला लागते, जेवता जेवता घास हातात तसाच राहतो, दुपारभर झोपते, नातवाचं नाव चुकवते. घर म्हणतं, वय झालं. अनेकदा पडल्याचं तिला आठवतही नसतं. ही गाठ कवटीला छोटी छिद्रं पाडून काढता येते आणि कित्येक जण पुन्हा पहिल्यासारखे वावरू लागतात. म्हणून वृद्धांच्या बाबतीत पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि तीन महिने चालणं, बोलणं, विसरणं यांकडे डोळे उघडे ठेवावेत. महालक्ष्मी कॅलेंडर किंवा कालनिर्णयवर दूधवाल्याचा हिशोब लिहायला जागा असते. तिथे ही नोंदही मावते.

बाळांबद्दल पालकांना एक दिलासा द्यायला हवा. अमेरिकेत ४२,४१२ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूला गंभीर इजा निघाली ती सुमारे ०.९ टक्के मुलांत, शस्त्रक्रिया लागली ०.१ टक्क्याला. पलंगावरून पडलेलं बाळ लगेच रडलं, दूध प्यायलं, खेळायला लागलं, तर हट्टाने सीटी स्कॅन करून घेऊ नये. त्या किरणांची किंमत कोवळ्या वयात जास्त असते. पण बाळ सारखं किरकिरत असेल, नेहमीसारखं ओळखत नसेल, टाळू फुगलेली वाटली किंवा ते तीन फुटांहून उंचावरून पडलं असेल, तर दाखवावंच.

आता ज्यांचा मार मोठा होता, जे आयसीयूतून घरी आलेत, त्यांच्याकडे. कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असेल, तर आपल्याकडे तो बहुधा पोटाच्या कातडीखाली जपलेला असतो आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तोवर डोक्याच्या त्या बाजूला नुसती कातडी आहे, हे घरातल्या प्रत्येक पोराला समजावून सांगावं. त्या कुशीवर निजवायचं नाही, उठून चालायला लागल्यावर डोक्याला संरक्षक टोपी हवी. तिथली कातडी उठल्यावर थोडी आत जाणं नेहमीचं; टणक होऊन बाहेर फुगली, तर मात्र त्याच दिवशी दाखवावं. गिळणं पक्कं झालं नसेल तर झोपवून पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जातं. फिटच्या गोळीबद्दल १९९० च्या सुमाराचा एक महत्त्वाचा अभ्यास आहे: फेनिटॉइनने पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी होतात, पुढच्या काळात येणाऱ्या फिट ते रोखत नाही. म्हणून गोळी किती दिवस, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. आणि उत्तर मिळेपर्यंत मनाने बंद करू नये; अचानक सोडलेली गोळीच फिट आणते. फिट आली तर कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काही उपयोग नाही. कुशीवर वळवावं, तोंडात चमचा घालू नये, घड्याळात वेळ बघावी. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

मेंदूच्या ‘टॉनिक’वर आपल्याकडे कुटुंबं फार पैसे घालवतात. सिटिकोलिन हे औषध सर्रास लिहून दिलं जातं. १,२१३ रुग्णांवर ते ९० दिवस देऊन पाहिलेला अमेरिकेतला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्मरणशक्ती किंवा कामकाज यांत औषधाचा फायदा दिसला नाही. मारानंतर सूज उतरावी म्हणून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची गोष्ट तर याहून गंभीर आहे. २००४ च्या १०,००८ रुग्णांच्या प्रयोगात स्टेरॉइड घेतलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के मृत्यू झाले, न घेतलेल्यांत १७.९ टक्के. इतकी वर्षं जे औषध माणसं वाचवतं असं वाटत होतं, ते मारत होतं. गोळ्यांवर जाणारा पैसा फिजिओथेरपीकडे, बोलणं शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे वळला तर जास्त कामी येईल, असं माझं ठाम मत आहे.

राहिला स्वभाव. हाडं जुळतात, टाके सुकतात, आणि मग बायको सांगते, ‘हे पूर्वीचे नाहीतच.’ कपाळामागचा मेंदू आवर घालण्याचं, बेत आखण्याचं, सुरुवात करण्याचं काम करतो. तो दुखावला की शांत माणूस भांडी फेकतो, मेहनती माणूस सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो; सासरचे सुनेला बोल लावतात. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लोखंडी पहार कवटीतून आरपार गेलेला फिनिअस गेज स्वभाव पालटण्याचं उदाहरण म्हणून दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत आहे. त्याचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो: पुढे तो चिलीमध्ये अनेक वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम करत होता. रोज तीच वेळ, तीच वाट, त्याच क्रमाने करायची कामं. घरातही हेच चालतं. दिवसाचा कागद भिंतीवर लावावा, एका वेळी एकच काम सांगावं, राग चढायला लागला की वाद न घालता दुसऱ्या खोलीत जावं आणि नंतर त्याबद्दल हिशोब मागू नये. उदासी आली, मरणाचं बोलणं निघालं, तर तो माराचाच भाग धरून मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. १४४१६ या टेलिमानसच्या मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. सांभाळणारीलाही आठवड्यातून काही तास सुटका हवी. ती कोसळली तर दोघं जातात.

सरकारी मदत इथे तोकडी पडते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, डोक्याच्या मारामुळे आलेलं अपंगत्व असं स्वतंत्र नाव नाही. हात-पाय लुळा असेल तर चलनविषयक अपंगत्वात बसवता येतं. पण चालणारा, बोलणारा, फक्त हिशोब न जमणारा आणि दुपारी दोनपर्यंत थकून जाणारा माणूस अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या मंडळासमोर ठणठणीत दिसतो. अशा कुटुंबाने पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद, सीटी स्कॅनच्या फिल्म, पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी, आणि सहा महिन्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाकडून स्मरण व लक्ष यांची रीतसर चाचणी करून घ्यावी. विम्याच्या दाव्यात, मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे आणि मालकाशी बोलताना तोच कागद बोलतो. माणसाला स्वतःचं म्हणणं मांडायला शब्द सापडतीलच असं नाही.